मन राख

सोमवार, ३

मिस्त्रीकाकांनी मला ही डायरी दिली. गेल्या वर्षीची आहे, कोरी. म्हणाले, "वार जुळणार नाहीत. पण तुझं तरी कुठे काय जुळतं?" म्हणून छापलेला वार खोडून मी वर माझा वार लिहिला आहे. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात धरलं ते सही करायला. तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. तसं कुणी बघणार नाही म्हणा.

काका म्हणाले, रोज थोडं लिही. आपल्या आत काय साचतंय ते माणसानं बघत राहावं, नाहीतर गाळ धरतो. त्यांना सगळीकडे बॉयलरच दिसतो. मी त्यांच्याच हाताखाली आहे. हा धुलाईखाना आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे येतात, धुतात, वाळतात, इस्त्री होतात, आणि त्या सगळ्याला लागणारी वाफ बॉयलर देतो. सकाळची पाळी माझी, दुपारची काकांची. भट्टीत लाकूड टाकायचं, राख काढायची, वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची. माझ्या पायाला भिंगरी आहे, याआधी एकही काम टिकलं नाही. इथे टिकलो ते काकांमुळे. दर रविवारी इस्त्रीच्या हॉलमध्ये ते आमची प्रार्थना घेतात. घरापासून एवढ्या लांब मला देव पुन्हा भेटला तो या माणसाच्या आवाजात.

इथे मला सगळे होयबा म्हणतात. कुणी काही म्हटलं की माझ्या तोंडून आधी 'होय' निघतं आणि प्रश्न मागून कळतो. माझ्या खोलीतला सोबती चादरींची गाडी चालवतो. त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. तो म्हणतो, "तुला फाशी देताना विचारलं ना, दोर बरा आहे का, तरी तू होयच म्हणशील."

हसू दे. मी निघालो तेव्हा आई स्टँडवर आली होती. गाडी सुटली, ती खिडकीच्या बरोबरीनं चालत काहीतरी सांगत होती. हॉर्नमध्ये एवढंच ऐकू आलं, "मन राख." मी राखतो. सगळ्यांची मनं राखतो. आजवर कुणाला दुखावलं नाही.

गुरुवार, ६

काचेचं सांगितलं पाहिजे. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पुढे काचेची एक उभी नळी असते, वरून आणि खालून पोटाला जोडलेली. आत जेवढं पाणी, तेवढं काचेत. पण खालचं भोक गाळानं बुजलं, तर काचेतलं पाणी तिथेच अडकून बसतं. पोट रिकामं होत जातं आणि काच भरलेली दिसते; रिकामं पोट तापलं की बॉयलर फुटतो. काका त्याला 'खोटं पाणी' म्हणतात. म्हणून रोज पाळी बदलताना काच फुंकायची. खालचा कॉक उघडला की फस्स करून सगळं पाणी निघून जातं, काच कोरडी पडते.

पहिल्यांदा मी घाबरलो होतो. वाटलं, संपलं सगळं. काका म्हणाले, "थांब. येऊ दे." कॉक बंद केला आणि खालून पाणी चढत आलं, हलत, थरथरत. "जिवंत पाणी हलतं, पोरा. काचेत जे हलत नाही, त्याच्यावर विसंबायचं नाही."

आज साहेब खाली आले. साहेब म्हणजे सुपरवायझर. खालचा कॉक गळायला लागला आहे. म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. हात लावलास की आणखी गळणार, मग बॉयलर बंद ठेवून दुरुस्ती. आणि चादरी काय तुझी आई धुणार? काच चांगली दिसतेय ना? मग झालं तर."

मी म्हटलं, "होय."

दुपारी काका पाळीवर आले. रोजच्यासारखं विचारलं, "काच फुंकलीस?"

मी म्हटलं, "होय."

काकांना पुन्हा फुंकायची गरज नाही, माझ्यावर त्यांचा विश्वास आहे. पाळी बदलताना एकदा फुंकली की पुरते असं तेच म्हणतात. दोघांची मनं राहिली. कुणाचं काही बिघडलं नाही.

रविवार, ९

काका आज अंतःकरणावर बोलले. म्हणाले, "आपण खोलीला कुलूप लावतो. सायकलीला लावतो. रेडिओ तर डब्यालासुद्धा लावतो." सगळे हसले. "आणि ज्या जागेतून आपलं सगळं निघतं, बोलणं, वागणं, प्रार्थना, ती जागा सताड उघडी. ज्याला यावं त्यानं यावं, हवं ते ठेवून जावं. सगळ्यात आधी ते सांभाळा."

मग मला प्रार्थना करायला सांगितली. माझी प्रार्थना छान होते असं सगळे म्हणतात. शब्द आपोआप येतात, नळ सोडल्यासारखे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणजे मिस्त्रीकाकांची बायको, घड्या घालायच्या टेबलावर काम करतात. नंतर त्या म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आईनं काय पुण्य केलं म्हणून असा मुलगा!" काका माझ्याकडे बघत चष्मा पुसत राहिले. त्यांना डोळ्यांचा त्रास आहे.

बुधवार, १२

विशेष काही नाही. चादरी फार. साहेब खूश. काच इतकी छान दिसते, अर्ध्यावर, एकदम शांत. इतकी शांत आधी कधी दिसली नव्हती.

शुक्रवार, १४

लिहिता येत नाही.

शनिवार, १५

अजून जमत नाही. तरी लिहितो. काकांनी सांगितलं होतं रोज लिही.

काल काका पाळीवर आले. डबा खुंटीला अडकवला. विचारलं, "फुंकलीस?" मी होय म्हटलं. ते काट्याकडे गेले, मग काचेसमोर उभे राहिले. नुसते उभे. बराच वेळ. मग इतक्या हळू बोलले की मला आधी ऐकूच आलं नाही.

"हे पाणी मेलंय."

मी म्हटलं, "होय?"

पुढचं सगळं एकदम झालं. त्यांनी मला खांद्यानं असं ढकललं की मी लाकडांच्या ढिगावर जाऊन पडलो. ओरडले, "बाहेर हो!" आणि स्वतः भट्टीचं दार उघडून फावड्यानं आग ओढायला लागले. भट्टीच्या छताला शिशाचं एक बूच असतं. पाणी त्याच्याखाली गेलं की ते वितळतं आणि वरची वाफ सरळ भट्टीत उतरते, आग विझवायला. काकांनीच शिकवलं होतं. मी कधी पाहिलं नव्हतं. ते वितळलं. आवाज झाला तो मी सांगू शकत नाही. दारातून पांढरं काहीतरी बाहेर आलं आणि काका त्यात दिसेनासे झाले.

त्यांचे हात. छाती. चेहऱ्याची एक बाजू.

मला एवढंसुद्धा लागलं नाही. गुडघ्याला फक्त लाकडाची साल टोचली.

अँब्युलन्समध्ये त्यांना चढवताना काकू घड्यांच्या टेबलावरून धावत आल्या. त्यांच्या खांद्यावर अजून एक चादर होती. त्या कुणालाच काही विचारत नव्हत्या, नुसतं "अहो, अहो" म्हणत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा होतो. माझ्या आत एकही शब्द नव्हता. माझ्या! नळासारखे शब्द येणाऱ्या माणसाच्या.

मग साहेब आले, मला बाजूला घेतलं. "तू रोज काच फुंकत होतास ना?" मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनीच तर... ते पुन्हा म्हणाले, सावकाश, मान हलवत, "तू. रोज. फुंकत होतास. ना?"

मी होय म्हटलं.

कुठून आलं ते? मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. ते तोंडातच होतं.

रविवार, १६

काका नाहीत म्हणून प्रार्थना होणार नाही असं मला वाटलं होतं. पण सगळे जमले. काकूही आल्या, दवाखान्यातून तशाच. कुणीतरी म्हणालं, "देवानं होयबाला वाचवलं. त्यानं साक्ष द्यावी."

मी उभा राहिलो. वाटलं, दोन शब्द बोलून बसू. पण बोलायला लागलो आणि थांबेना. आग कशी आली, देवाचा हात कसा पुढे आला, मला उचलून लाकडांवर कसं ठेवलं. लोक रडत होते. रेडिओसुद्धा गप्प. मीही रडलो. मला वाटतं मी इतकं चांगलं कधीच बोललो नाही.

देवाचा हात म्हणालो मी. तो काकांचा खांदा होता. काकू पुढच्याच बाकावर होत्या आणि त्या आमेन म्हणाल्या.

आणि खरा धक्का पुढेच. बोलताना मला बरं वाटत होतं. घरी येऊन पोटभर जेवलो. जेवण झाल्यावर लक्षात आलं, आणि तेव्हापासून मी असाच बसलो आहे. काकांची कातडी सोलली गेली, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोमवार, १७

साहेब खरंच मनानं मोठे आहेत. आम्हाला वाटत होतं तसे नाहीत. आज मला ऑफिसात बसवून चहा दिला. जाड तळाचे नवे बूट दिले. माझे जुने जळालेले पाहिले असतील. मला 'राजा' म्हणाले.

म्हणाले, शुक्रवारी बॉयलरच्या तपासणीला सरकारी बाई येणार आहेत. तुझी साक्ष घेतील. फार काही नाही. तू काच फुंकत होतास, काच बरोबर चालत होती, एवढं सांगायचं. मग पाळीवर मिस्त्री आले आणि त्यांनी काहीतरी उलटसुलट केलं. "तुझ्यासमोरच भट्टीचं दार उघडलं ना त्यांनी? चालू बॉयलरचं? बघ. हे खोटं नाही. वय झालं त्यांचं, नजर गेली. कुणाचा दोष नाही."

मी विचारलं, मग त्यांच्या औषधाचं कसं? दोष त्यांचा निघाला तर?

"कंपनी काय माणुसकी सोडून वागणार आहे का?"

मला बरं वाटलं. संध्याकाळी रेडिओला सांगितलं, शुक्रवारी माझी साक्ष आहे. तो म्हणाला, "काल तर दिलीस की! आता पुन्हा? तुझ्या साक्षीचा प्रयोग लागलाय की काय?" मग बुटांकडे बघून म्हणाला, "आणि हे मानधन?" मी हसलो. तो हसला नाही.

मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दोष मिस्त्रींचा ठरला तर दवाखान्याचं सगळं त्यांच्यावर. कंपनीची खोलीही जाणार. काकूंना त्यानं दवाखान्यात सोडलं तेव्हा त्या विचारत होत्या, सामान कुठे ठेवता येईल का.

मी रेडिओला म्हटलं, पण साहेब तर म्हणाले की...

रेडिओ पहिल्यांदाच बंद झाला.

बुधवार, १९

दवाखान्यात गेलो. दोन दिवस दारापर्यंत जाऊन परत आलो होतो, आज आत गेलो. चादरी आपल्याच. कडेला आपला निळा शिक्का. गेल्या आठवड्यात माझ्याच वाफेवर वाळलेल्या असतील.

काका पट्ट्यांत होते. एक डोळा उघडा. काकू चमच्यानं पाणी पाजत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल सरकवलं. "ये बाळा. अहो, होयबा आलाय. किती धावपळ करतो हो सगळ्यांसाठी, कुणाला नाही म्हणून म्हणत नाही." माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचा मला चटका बसला.

काकू बाटली भरायला बाहेर गेल्या. काका म्हणाले, ओठ जेमतेम हलत होते, "पाणी हलत नव्हतं."

मी चादरीवरचा निळा शिक्का बघत राहिलो.

"मी पाहिलं. तू पाहिलंस?"

मी म्हटलं, "होय."

"आणि त्याआधी फुंकली होतीस."

ते विचारत होते की सांगत होते, कळलं नाही. मी म्हटलं, "होय, काका."

त्यांनी उघडा डोळाही मिटला. बहुतेक औषधानं झोप लागली. पण झोपेत डोळ्याच्या कडेनं पाणी येतं का?

मी प्रार्थना करू का म्हणून विचारलं. झोपलेला माणूस मान हलवतो तशी त्यांनी हलवली. नाही अशी.

गुरुवार, २०

दुपारी आईला फोन केला. शेजारणीकडे फोन आहे, तिनं बोलावून आणलं. आईला धाप लागली होती.

मी म्हटलं, इथे अपघात झाला, मला काही झालं नाही. तिनं प्रभूचं नाव घेतलं. मग म्हणाली, "आवाज असा का? जेवलास का?"

जेवण म्हटल्यावर माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. कॉक, साहेब, काका, होय, बूट. बूटसुद्धा सांगितले. मला वाटलं फोन कटला. मी म्हटलं, "आई, मी तू सांगितलं तसंच वागलो गं."

"मी काय सांगितलं होतं?"

"स्टँडवर. मन राख म्हणालीस. मी सगळ्यांची मनं राखली. साहेबांचं राखलं, काकांचं राखलं..."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

मग जी ओरडली! शेजारणीनंही ऐकलं असेल. "अरे गाढवा! लोकांची मनं राखायला मी तुला एवढ्या लांब धाडला का? ती राखायला इथे काय माणसं कमी होती? तुझं! *तुझं* मन राख म्हटलं होतं! परक्या ठिकाणी जातोस, सगळं जाईल येईल, पण आत देवाची जी जागा आहे ना तेवढी राख. खिडकीशी घसा फोडून सांगत होते मी!"

मी भिंतीला टेकलो.

एवढे दिवस. एवढे दिवस मी त्या दोन शब्दांवर जगलो, आणि ते माझ्याबद्दल होते हे मला माहीतच नव्हतं. गाडीच्या हॉर्ननं एक शब्द खाल्ला आणि मी उरलेल्यावर माझं घर बांधलं.

मी विचारलं, "आता काय करू?"

आईनं हळू आवाजात म्हटलं, "मला नको विचारू. मी सांगितलं तर तू होय म्हणशील."

आणि ठेवला.

भट्टीतून मी रोज राख काढायचो. आज पहिल्यांदा बंद भट्टीपाशी पडलेल्या घमेल्याकडे बघून वाटलं, मी आईचं ऐकलं खरं. मनाची राखच करून ठेवली.

शुक्रवार, २१

तपासणीच्या बाई सकाळीच आल्या. बारीक अंगाच्या, साडीचा पदर खोचलेला, पायांत माझ्यासारखेच जाड बूट. साहेब चहा चहा करत होते. त्या म्हणाल्या, "आधी काच." स्वतः पान्यानं जोड सोडवले. खालच्या भोकात तार घातली. तार बोटभरसुद्धा आत जाईना. मग टोकरून टोकरून काळ्या मातीचा गोळा बाहेर काढला, घट्ट, विटेसारखा. तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला.

मी तो बघत राहिलो. एवढासा. आणि तो रोज तिथे होता, थोडा थोडा वाढत. मी समोर बसून भाकरी खात होतो आणि काच छान दिसत होती.

"सकाळच्या पाळीला कोण?" साहेबांनी मला पुढे केलं. इस्त्रीचे लोक दारात जमले होते. काकू टेबलाशी. आज त्या कामावर आल्या होत्या, न येऊन चालणार नव्हतं.

बाईंनी विचारलं, "काच फुंकत होतास?"

होय तोंडात तयार होतं. खरंच, जिभेवर होतं, मला त्याची चव लागत होती. साहेब मान हलवत होते, वर खाली, सावकाश, लहान मुलाला भरवताना आपणही तोंड उघडतो ना तसे. नुसतं सुटू द्यायचं होतं. मी दात मिटून धरले. किती वेळ कोण जाणे. बाई म्हणाल्या, "ऐकू येतं ना?"

मी म्हटलं, "नाही."

"ऐकू येत नाही?"

दारात कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, "येतं. फुंकत नव्हतो. कॉक गळत होता. साहेब म्हणाले हात लावू नकोस. मी लावला नाही."

साहेब म्हणाले, "अरे, काय बोलतोस!"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मिस्त्रींना हे माहीत होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. इथवर साहेबांचं नाव घेऊन मी जरा ताठ उभा होतो.

"नाही. ते रोज विचारायचे. मी त्यांना फुंकली म्हणून सांगायचो. त्यांनी पाणी बघून ओळखलं. मला ढकलून बाहेर काढलं आणि स्वतः आग ओढली. देवाबिवानं नाही. त्यांनी."

शेवटचं का बोललो माहीत नाही. बाईंना त्याचा काय अर्थ लागणार? मी काकूंकडे बघितलं. त्या चादरीची घडी घालत होत्या. घातली, मोडली, पुन्हा घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

बाई गेल्यावर साहेबांनी मला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. मी निघालो. फाटकापर्यंत गेलो तर मागून हाक. मला वाटलं, माणूस विरघळला. साहेब म्हणाले, "बूट."

मी तिथेच खाली बसून नाड्या सोडल्या. रेडिओ गाडीवरून बघत होता, म्हणाला, "मोजे राहू द्या साहेब, मोजे त्याच्या बापाचे आहेत." मला हसू आलं, आणि हसतोय म्हणून पुन्हा धक्का बसला.

मोज्यांवरच दवाखान्यात गेलो. रस्ता नुकताच धुतला होता, मोजे चिंब झाले. काकू माझ्याआधीच कामावरून पोचल्या होत्या. त्यांनी काकांना सगळं सांगितलं असावं, कारण मी आत गेलो तेव्हा कुणी स्टूल सरकवलं नाही. मी उभाच राहिलो.

म्हटलं, "काका, मी रोज खोटं बोललो तुमच्याशी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"काचेसमोर उभा राहिलो तेव्हापासून."

म्हणजे मला ढकललं तेव्हा त्यांना माहीत होतं. मी खोटं बोललो हे माहीत असून त्यांनी मला ढकललं. हे डोक्यात शिरायलाच मला वेळ लागला, अजून नीट शिरलेलं नाही. मी पलंगाची कड धरली. म्हटलं, "मला क्षमा करा."

काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. काका बराच वेळ वर छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खूप दुखतंय रे." आणि जरा वेळानं, "केली म्हणू का? म्हणू शकतो. तुझं मन राखायला."

त्यांनी कुठून आणला तो शब्द? आईनं काय यांनाही फोन केला होता?

मी म्हटलं, "नको."

"मग थांब. होईल तेव्हा सांगीन. खोटी देणार नाही."

रविवार, ३०

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज तेच होतं. काम शोधतो. सकाळी बाजारात गाड्या उतरवायचं मिळतं. रेडिओनं खोलीतून काढलं नाही, वर त्याच्या जुन्या चपला दिल्या, दोन्ही डाव्या पायाच्या वाटतात. बाईंचा निकाल आला आहे. काकांवर ठपका नाही. कॉक नवा बसवला आहे म्हणे. साहेब अजून आहेत, फक्त आता कुणाला राजा म्हणत नाहीत.

संध्याकाळी दवाखान्यात जातो. काकूंची पाळी असते तेव्हा काकांना पाणी पाजायचं, पंख्याची दिशा बदलायची. काकू माझ्याशी बोलत नाहीत. बाटली भरून आणली तर घेतात. पूर्वी मला हे एक दिवस सोसलं नसतं, काहीतरी गोड बोलून त्यांचा राग काढलाच असता. तोंडावर येतं. गिळतो.

प्रार्थना माझ्याकडून होत नाही. सकाळी गुडघे टेकतो आणि काहीच येत नाही. मला याची भीती वाटते. मी तर मोठा प्रार्थनेचा माणूस होतो. आता आत वाकून बघतो तर कोरडं, तळापर्यंत. मला वाटतं माझा विश्वास गेला. कुणाला सांगितलं नाही.

आज रविवार म्हणून इस्त्रीच्या हॉलमधली दोघंतिघं पलंगाशी आली होती. काका बसते झाले आहेत. काकू पायथ्याशी होत्या. बोलून झाल्यावर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "होयबा, तू प्रार्थना कर."

मला धक्काच बसला. मी म्हटलं, "नाही. माझ्याच्यानं होत नाही, काका. आत काही नाही."

"बघितलंस का?"

"रोज बघतो."

"डोळे मिट."

मिटले. सगळ्यांनी मिटले असतील. शांतता. 'हे सर्वसमर्थ पित्या' असं जुनं, तयार, गुळगुळीत एक वाक्य आलं. ते मी सुटू दिलं नाही. मग खरंच काही उरलं नाही. कुणीतरी खाकरलं. कुणाची तरी बांगडी वाजली. मला उठून पळावंसं वाटलं.

काकांचा आवाज आला, अगदी भट्टीसमोर यायचा तसा.

"थांब. येऊ दे."

मी थांबलो. किती, ते माहीत नाही. आणि मग आलं. एकच वाक्य, लहानसं, पाच-सहा शब्दांचं. काय ते इथे लिहीत नाही, ते माझं आणि ज्याला सांगितलं त्याचं. पण तो आवाज माझा असेल असं मला वाटेना. मी दचकून डोळे उघडले. तो आवाज हलत होता.